चाळीस ते ऐंशीपर्यंत तूच पुढे

दादा,

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकती हातपाय धूत होते. "नीला, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. त्यावर मी काय विचारावं? "कुठे? कुठल्या रस्त्यावर?"

अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाच्या बहिणीचा हा प्रश्न. वहिनी म्हणाली, "रस्त्यावर कशाला? घरीच. दुपारी पेज प्यायले, पडवीत खाटेवर आडवे झाले. चहाला उठवायला गेले तर उठले नाहीत."

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं आणि पुष्कळ आलं, पण आधी आलं ते हे. तुला स्वतःच्या खाटेवर मरण आलं. समोर बोंबील वाळत घातलेले, समुद्राचा वारा, पोटात गरम पेज. कुणी तुला पत्रा कापून बाहेर काढलं नाही. आई जिवंत होती तोवर हीच भीती उराशी धरून होती, आणि जाताना ती माझ्याकडे सोपवून गेली. इतक्या वर्षांनी ती भीती एका फोनमध्ये संपली. सख्खा भाऊ गेल्यावर पहिल्या मिनिटाला सुटल्यासारखं वाटलं, हे मी तेराव्यापर्यंत कुणाला बोलले नाही. तुला सांगायला हरकत नाही. तू उलट विचारलं असतंस, "मग काय, रस्त्यावर मरायला हवं होतं का?"

बाबांच्या होडीवर तू इंजिन शिकलास, मासे मात्र तुला कधी जमले नाहीत. तळासरीला हायवेला लागून गॅरेज काढलंस तेव्हा बाबा आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नव्हते. मग तू ती छोटी पांढरी डिझेल गाडी घेतलीस. लोक ती गाडी ॲव्हरेजसाठी घ्यायचे. डॉक्टर, एलआयसीवाले, आमच्या शाळेतले दोन मास्तर, सगळ्यांकडे तीच. तू ती घेतलीस टर्बोसाठी. त्या टर्बोबद्दल तू मला जेवताना ताटात आमटी सांडेपर्यंत समजावलं होतंस. धुराड्यातून फुकट जाणारा धूर एक चिमुकला पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, जादा हवा मिळाली की जादा डिझेल जळतं. "एवढंसं इंजिन," तू हाताची मूठ दाखवून म्हणालास, "आणि ओढतं बघ कसं."

सीमेपलीकडे गुजरातेत कांतीभाई होते. गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून आतली सेटिंग बदलून द्यायचे. त्यांनी तुझ्या गाडीची ताकद वाढवून दिली आणि तेव्हापासून तुझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

त्याच वर्षी सुधीरने त्याची गाडी आणली. माझा नवरा चिकूच्या व्यापारात आयुष्यभर टेम्पो आणि ट्रक मोजत आलेला माणूस, त्याने मुंबईच्या एका शौकिनाकडून जुनी स्पोर्ट्‌स कार उचलली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. वजन तुझ्या गाडीच्या दीडपट आणि इंजिन विचारूच नये. आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं म्हणून ती रस्त्यावरच्या दुकानासमोर उभी राहायची.

तू ती पहिल्यांदा पाहिलीस ते मला आठवतं. भोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालास, "सुधीरराव, छान आहे. पण जड आहे."

"जड आहे म्हणून तर रस्त्याला धरून राहते, दादा. तुमची डबी एकशेवीसला थरथरते."

"एकशेवीसला कोण जातंय? चारोटीच्या नाक्यावरून सुटल्यावर पहिल्यांदा कोण पुढे निघतं ते बोला."

"निघून काय उपयोग? मागून येणारा आहेच."

हे भांडण गणपतीत झालं, दिवाळीत झालं, माझ्या जुईच्या सातव्या वाढदिवसाला केक कापायचा ठेवून झालं. शेवटी मीच म्हटलं, मोजून टाका एकदाचं. गणिताची बाई घरात असून तुम्ही तोंडाने का शर्यत लावता?

तळासरीजवळ एका नव्या रस्त्याचं काँक्रीट पडलं होतं, वाहतूक सुरू व्हायची होती. तिथल्या सुपरवायझरच्या जीपचा क्लच तू बसवून दिला होतास, त्याने रविवारी सकाळी एक तास दिला. मी शाळेच्या स्पोर्ट्‌सचं स्टॉपवॉच आणि पिशवीभर चुना घेऊन आले. दोन खुणा आखल्या, एक जवळ, एक लांब. पहिल्या खुणेवर मी, दुसरीवर कांतीभाई. दोघांनी गाड्या चाळीसच्या वेगात शेजारी शेजारी आणायच्या आणि तू हॉर्न दिलास की दाबायचं.

पहिल्या खुणेवर तू पुढे होतास. चांगला एक गाडीभर. मला वाटलं माझीच काहीतरी चूक होतेय, म्हणून परत करायला लावलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. सुधीरची ती मोठी ऑटोमॅटिक गाडी आधी विचार करायची, मग गिअर बदलायची, मग ते एवढं धूड ढकलायला लागायची. तोवर तुझ्या हलक्या गाडीचा पंखा फिरत असायचा आणि ती उडी मारून निघालेली असायची. ऐंशीपर्यंत तू पुढे. त्यानंतर मात्र सुधीरची गाडी असा काही सूर मारायची की दुसऱ्या खुणेवरून कांतीभाई तुझं नाव घेऊन ओरडले, "जनूभाई तो दिसतच नथी."

मी वहीत लिहिलं: चाळीस ते ऐंशी, दादा. पुढे, सुधीर. तुम्हा दोघांना वाचून दाखवलं आणि तुम्ही दोघांनी एकाच वेळी म्हटलं, "बघ, मी सांगत होतो." वहिनीने दिलेला उपमा आपण तुझ्या गाडीच्या गरम बॉनेटवर ठेवून खाल्ला. त्या सकाळी आपण किती हसलो. त्या दिवशी थांबायला हवं होतं.

तुला मग ऐंशीच्या पुढचंही हवं झालं. कांतीभाईंकडून आणखी ताकद चढवून घेतलीस. दोनेक महिन्यांनी तळासरीला एक लग्न होतं. दुपारी जेवून निघालो. सुधीर एकटा त्याच्या लाल गाडीत पुढे गेला, जुईने मामाच्याच गाडीत बसायचा हट्ट धरला. ती मागे, मी तुझ्या शेजारी. हायवेला लागल्यावर लांबवर लाल ठिपका दिसला आणि तू म्हणालास, "बघ आता गंमत."

मी 'नको' म्हटलं का? मला अजून आठवत नाही. मला वाटतं, म्हटलंच नाही. मलाही बघायचं होतं.

टँकरला ओलांडून तू बाहेर काढलीस आणि दुभाजकाच्या फटीतून गवताच्या भाऱ्यांनी लादलेला ट्रॅक्टर आडवा आला. तू ब्रेक मारलास. हलकी गाडी मागून घसरली, अर्धी फिरली आणि थांबली तेव्हा माझं दार ट्रॉलीच्या चाकापासून वीतभर होतं. काहीच आवाज नव्हता. मग जुई रडायला लागली. तिचं कपाळ पुढच्या सीटच्या कडेवर आपटून फुटलं होतं.

ट्रॉलीतल्या भाऱ्यांवर बसलेली एक म्हातारी खाली उतरली. तिने बाटलीतलं पाणी जुईच्या कपाळावर ओतलं, डोक्यावरचा रुमाल सोडून बांधला, आणि तुझ्याकडे बघून विचारलं, "घाई कुठली रं, बाबा?" रागाने नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं. तू उतरून किल्ली माझ्या हातात दिलीस. दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली. चार टाके पडले. तिथल्या बाकावर मी तुला म्हटलं, "दादा, जुई परत तुझ्या गाडीत बसणार नाही. मीही नाही."

तू म्हणालास, "बरं."

फक्त एवढंच. मला वाटत होतं तू भांडशील, माफी मागशील, रडशील.

तुझं घर आणि माझं घर डहाणूतच, तुझं गॅरेज आणि माझी शाळा तळासरीलाच. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी तुझ्या गाडीने जात होते. त्यानंतर एसटी धरली. सुरुवातीला तू थांब्यापाशी गाडी हळू करायचास. मी मान हलवायचे, तू जायचास. कधी थांबून काच खाली केली नाहीस, 'बस' म्हणाला नाहीस. मग हळू करणंही बंद झालं, नुसता हात वर करायचास. अशी आठ-नऊ वर्षं गेली, दादा. माणसं परदेशी गेलेल्या भावापासून इतकी लांब जात नाहीत, आणि आपण रोज सकाळी एकमेकांना दिसत होतो.

आणि माझा राग का गेला नाही ते सांगते. तुझं तोंड. टाके निघून जुईच्या कपाळावर पांढरी रेघ राहिली, तरी दिवाळीला सुधीरने विषय काढला की तू सुरू. "अजूनही काढू का गाडी? आहे का हिंमत?" मी आत करंज्या तळत सगळं ऐकत असायचे. मला वाटायचं, या माणसाला चार टाके काहीच शिकवून गेले नाहीत. हा अजून तसाच पळवतो आणि एक दिवस फोन येणार.

फोन आला तो किडन्यांचा. पाय सुजले, मग धाप लागल्यासारखा श्वास, मग वापीच्या हॉस्पिटलात तो हाताला सुया टोचून चार चार तास पडून राहणं. सोमवारी आणि बुधवारी वहिनीचा भाऊ न्यायचा. शनिवारी माझी शाळा सकाळची, म्हणून शनिवार मी घेतला. सुधीरने एकदा हौसेने लाल गाडीतून नेलं. येताना तुला त्या बुटक्या सीटमधून उठताच येईना. सुधीर ओढतोय, तू हसतोयस, वहिनी दारात उभी राहून दोघांना शिव्या देतेय. त्यानंतर तुझीच गाडी ठरली. इतक्या वर्षांनी मी तिच्यात बसले, तेही चालवायला, आणि तू माझ्या डाव्या हाताला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून.

एका शनिवारी चढावर तू म्हणालास, "दाब जरा, इंजिन झोपलंय." मी दाबलं. गाडी आपली निवांत चढली.

"हीच का तुझी टर्बो?" मी विचारलं.

"तुझ्या पायात जोर नाही."

मी ते खरं मानलं.

दुसरा एक शनिवार मात्र जास्त महत्त्वाचा. चारोटीला एका मोठ्या गाडीवाल्याने आपल्या पुढ्यात कट मारली आणि वर हात दाखवून शिवी दिली. मला राग आला. तू आत चार तास रक्त गाळून घेऊन आलेला, पांढराफटक, आणि हा शिवी देतो. मी गिअर टाकला आणि त्याच्या मागे लागले. तू तुझा चांगला हात माझ्या मनगटावर ठेवलास. जोर नव्हताच त्यात. म्हणालास, "जाऊ दे त्याला, नीलू. आपल्याला घरी जायचंय." मी पाय काढला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस मी समजते तो नाही, किंवा राहिलेला नाही.

जानेवारीत जुईला शिकाऊ लायसन्स मिळालं. ड्रायव्हिंग स्कूलची फी भरायला सुधीर निघाला होता. ती म्हणाली, "मला मामाकडून शिकायचंय." तू समोर बसला होतास. तू तिच्याकडे बघितलंच नाहीस, माझ्याकडे बघितलंस आणि लगेच खाली. मला त्या दवाखान्यातल्या बाकावरचं तुझं 'बरं' आठवलं. मी म्हटलं, "जा. पण सकाळी जा, ऊन लागायच्या आत."

तू उठून परसात गेलास. वहिनी नंतर म्हणाली, बराच वेळ हात धूत होतास.

आठ सकाळी तुम्ही गेलात. सुरूच्या बनाला लागून जो रस्ता जातो, तिथे. मी दोनदा मागे बसून आले. तू तिला गिअरपेक्षा आरसा जास्त शिकवलास. "मागचा घाईत असला तर त्याला वाट दे. तुझं काय जातंय?" तिने विचारलं, "मामा, तुझी गाडी खरंच बाबांच्या गाडीपेक्षा फास्ट आहे?" तू म्हणालास, "चाळीस ते ऐंशी. आईला विचार, तिच्या वहीत आहे." जुई खो खो हसली. तू जिंकल्यासारखा बाहेर बघत बसलास. मार्चमध्ये तू गेलास.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कांतीभाई आले. वहिनी गाडीचं काय करायचं ते विचारत होती, तिच्या माहेरचं एक गिऱ्हाईक आलं होतं. कांतीभाई चहा न घेता आधी म्हणाले, "बेन, एक वात सांगतो. विकणार असाल तर खोटं सांगून विकू नका. सगळे समजतात जनूभाईची गाडी म्हणजे फास्ट. ती फास्ट नथी."

"म्हणजे?"

"कंपनीतून आली तशीच आहे. अकरा वर्षं झाली. मीच सगळं काढलं ना."

मग त्यांनी सांगितलं. जुईला टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान उघडायला गेले तर तू आधीच पायरीवर बसलेला. अंगात लग्नातलाच शर्ट, बाहीवर रक्त. त्यांनी समजावलं, थोडं कमी करू, अर्धं ठेवू. तू म्हणालास, सगळं काढ. काढल्यावर गाडी चालवून बघितलीस, परत आलास आणि म्हणालास, "सुधीररावांना कळता कामा नये. नाहीतर जिंकलो म्हणतील."

वहिनी रडता रडता हसली. मी विचारलं, "आणि मला? मला का नाही सांगितलं?"

कांतीभाई म्हणाले, "मी पण तेच विचारलं होतं. ते बोलले, तिला कशाला. ती बसणार नाही बोलली ते बरोबर बोलली. गाडी बदलली म्हणून मी बदललो, असं तिने का मानायचं?"

दादा, त्या रात्री मला झोप येणार नाही असं वाटलं होतं, पण फार गाढ लागली. सकाळी उठले तर छातीवरचं ओझं उतरलं होतं. वाईट नाही वाटलं असं नाही. एसटीतली ती वर्षं मला परत मिळणार नाहीत. तू एकदा तरी काच खाली करून बोलायला हवं होतंस, आणि मी एकदा तरी न बोलावता दार उघडायला हवं होतं. यात तुझी चूक जास्त की माझी, हे भांडण आपलं राहिलंच. पण करंज्या तळताना ज्या माणसावर मी चिडत होते तो माणूस नव्हताच, हे कळल्यावर किती बरं वाटलं म्हणून सांगू. तू दिवाळीत नुसतं तोंडाने पळत होतास.

सुधीरला मी काल सांगितलं. तुझं सांगणं मोडलं, पण नवऱ्यापासून एवढं लपवणं मला जमलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे अकरा दिवाळ्या मी कुणाशी भांडलो?" आणि हसायला लागला, आणि चष्मा काढून डोळे पुसले. नंतर मी भाजी निवडत होते तिथे येऊन म्हणाला, "पण त्या रविवारी पहिल्या खुणेवर तेच पुढे होते. पाचही वेळा. ते मी कधी नाही म्हटलं नाही." जिंकलो असं तो म्हणाला नाही. तुझी काळजी फुकट होती.

गाडी विकायची नाही असं वहिनीने ठरवलंय. जुईला द्यायचीय. जुई म्हणते, कंपनीतून आली तशी आहे हे ऐकून तिला जरा वाईट वाटलं. तुझीच भाची.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुझी आभारी आहे, ती म्हणजे तू मला सांगितलं नाहीस. कांतीभाई हे सगळं दोन वर्षांपूर्वी सांगून गेले असते तर मी तुला त्यांच्या शब्दावर, लॅपटॉपमधल्या सेटिंगवर माफ केलं असतं. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले की उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवा, नाहीतर मार्क नाहीत. तुझ्याकडे मात्र मी रीत मागितलीच नाही. मला वाटत होतं गाडी अजून तशीच आहे, फुल ताकदीची, आणि तरीही जानेवारीत मी माझी मुलगी तुझ्याजवळ बसवली.